सही झाली, सभा कुठाय?

गेल्या जानेवारीतली गोष्ट. कुपवाडपासून चार-पाच मैलांवरच्या एका गावात आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक होती. देवळाच्या ओवरीत बायका जमलेल्या, कुणी शेंगा फोडतंय, कुणाच्या मांडीवर लेकरू, हप्त्याचे पैसे मोजणं चाललेलं. एवढ्यात पंचायतीचा शिपाई सायकल उभी करून आत आला. हातात जाडजूड वही. म्हणाला, "बायकांनो, तेवढ्या सह्या करा बघू पटापटा."

बायका सवयीनं उठल्या. एकीनं पदराला हात पुसला, पेन घेतलं आणि सही केली. दुसरीनं केली. मी आपलं सहज विचारलं, "दादा, कशाच्या सह्या म्हणायच्या या?"

"महिला ग्रामसभेच्या, ताई."

"अस्सं! मग सभा कधी आहे?"

तो माझ्याकडं बघून हसला. म्हणाला, "झाली की सकाळी!"

बायकापण हसल्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पण रस्ताभर ते हसू घशात अडकल्यासारखं झालं. सभा झाली, तिला पन्नास बायका हजर होत्या, त्यांनी म्हणे चर्चा केली, ठराव केला. आणि त्या पन्नास जणींना त्याचा पत्ताच नाही. मैत्रिणींनो, तुमच्या गावात असं होत नाही ना? जरा आठवून बघा. वहीवर सही केली की नाही? केली असेल. मग सभा कुठाय?

तिकडं 'मेर', इकडं सरपंच

योगायोग बघा. त्याच आठवड्यात माझ्या भाचीचा फोन आला. जावई इंजिनिअर, त्यांच्या नोकरीपायी ती फ्रान्समध्ये असते. फ्रान्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पॅरिस, तो उंच मनोरा आणि अत्तरं. पण ही राहते ती एका खेड्यात. सगळी मिळून साडेतीनशे माणसं. द्राक्षाचे मळे, गाई, एक जुनं चर्च, एक दोन-खोल्यांची शाळा. पाव घेऊन एक गाडी आठवड्यातून तीनदा येते, हॉर्न वाजवते की बायका बाहेर येतात. "मावशी, अगदी आपल्या भाजीवाल्यासारखं गं!" ती म्हणाली. मला बरं वाटलं ऐकून. खेडं म्हणजे शेवटी खेडंच.

मग म्हणाली, "आमच्या गावाला महापौर आहे बरं का!"

मी म्हटलं, "साडेतीनशे माणसांना महापौर? आमच्याकडं तीन शहरांत मिळून एक असतो!"

खरंच आहे ते. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून आमची महापालिका १९९८ मध्ये झाली. आणि तिथं फ्रान्समध्ये म्हणे जवळजवळ पस्तीस हजार गावं-शहरं आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त गावांत पाचशेसुद्धा माणसं नाहीत, तरी प्रत्येक गावाला स्वतःची पंचायत. त्यांची ही व्यवस्था १७८९ च्या राज्यक्रांतीपासूनची. गावच्या प्रमुखाला 'मेर' म्हणतात आणि त्याच्या कचेरीला 'मेरी'. दर सहा वर्षांनी गावकरी सदस्य निवडतात, सदस्य आपल्यातून मेर निवडतात. भाचीच्या गावचा मेर शेतकरीच आहे. सकाळी धारा काढतो आणि दुपारी कचेरीत बसतो. जन्माची नोंद त्याच्याकडं, मरणाची त्याच्याकडं. आणि लग्न? चर्चमध्ये कितीही थाटात करा, आधी मेरीत जाऊन मेरच्या समोर सही केल्याशिवाय ते कायद्यानं लग्नच नाही! त्या वेळी तो खांद्यावरून तिरंगी पट्टा घालून उभा राहतो. नव्या वर्षात गावकऱ्यांना बोलावून शुभेच्छा देतो, खाणंपिणं होतं, गेल्या वर्षी काय केलं नि यंदा काय करणार ते सांगतो.

मला हे सगळं ऐकून हेवाच वाटला. म्हटलं, "तू जातेस का गं त्यांच्या सभेला?"

"एकदा गेले होते. कुणालाही जाता येतं. पण मावशी, मागं खुर्चीवर गप बसायचं. सदस्य बोलतात, आपण ऐकायचं. गावकऱ्यांनी मधे बोलायचं नाही, तसा नियमच आहे."

मी फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. त्यांच्याकडं सभेत बसता येतं, बोलता येत नाही. आपल्याकडं ग्रामसभेत मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येक बाईला उठून बोलायचा हक्क आहे, सरपंचाला जाब विचारायचा हक्क आहे. आणि आपण? आपण घरात बसून सही देतो!

मत आधी कुणाला मिळालं?

आपल्याला वाटतं, बायकांचे हक्क म्हटले की युरोपातल्या बाया आपल्या कितीतरी पुढं. सगळ्याच बाबतींत तसं नाही. फ्रान्समधल्या बायकांना मतदानाचा हक्क मिळाला १९४४ मध्ये, आणि त्यांनी पहिल्यांदा मत टाकलं एप्रिल १९४५ मध्ये, तेही गावोगावच्या अशाच पंचायतींसाठी. तोवर तिथली शिकलेली मास्तरीण, डॉक्टरीणसुद्धा मतपेटीपाशी जाऊ शकत नव्हती.

आणि आपल्याकडं? आपल्या याच मुलखात, आटपाडीला, कुंडलला, औंधला १९३९ मध्येच बाईला मत मिळालं होतं! औंध संस्थानची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकली असेल. सूर्यनमस्कारवाला राजा, चित्रकार राजा म्हणून बाळासाहेब पंतप्रतिनिधींची ओळख. त्यांचं नाव भवानराव. बहात्तर गावांचं लहानसं संस्थान, तेही सलग नाही. थोडं आजच्या साताऱ्यात, थोडं सांगलीत. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये याच संस्थानच्या माळावर उभा राहिला, आणि आपल्या आज्या-पणज्या ज्याची वाट बघायच्या ते 'स्त्री' मासिक १९३० मध्ये तिथूनच निघालं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचली असेल, तर ते याच संस्थानचं खेडं.

या राजानं एक जगावेगळी गोष्ट केली. स्वतःचे अधिकार प्रजेला देऊन टाकले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडचे एक इंजिनिअर सेवाग्रामला गांधीजींकडं गेले, त्यांचा सल्ला घेतला आणि २१ जानेवारी १९३९ ला औंधची नवी राज्यघटना लागू झाली. तिचा पाया होता गाव. प्रत्येक गावाची निवडून दिलेली पंचायत, पंचायतींवर तालुक्याची सभा, त्यावर संस्थानची सभा. गावातले लहानमोठे तंटे गावातच, पंचायतीपुढं. गावच्या महसुलाचा मोठा वाटा गावालाच. कैद्यांनासुद्धा भिंतीआड न ठेवता शेतीत राबू देणारी आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची खुली वसाहत त्याच काळातली. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा सिनेमा तिच्यावरूनच सुचला.

पण यात गांधीजींची एक अट होती, ती मला फार विचार करायला लावते. मत कुणाला? तर लिहिता-वाचता येईल त्या प्रत्येक सज्ञान माणसाला. मग तो बाप्या असो की बाई. म्हणजे राजाच्या नात्यागोत्याचा पण अक्षरशत्रू असेल, तर त्याला मत नाही. आणि शेतात भांगलणाऱ्या बाईनं पाटीवर अक्षरं गिरवली, की तिला मत! आज आपण असं म्हणणार नाही. निरक्षर माणसालाही पोट असतं, प्रश्न असतात, त्याचं मत काढून घेणं बरोबर नाही आणि आपल्या राज्यघटनेनं ते केलंही नाही. पण त्या अटीमागचा विचार मला पटतो. सही करायची ती वाचून. कशावर करतोय ते कळून.

औंध संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं आणि तो प्रयोग तिथं थांबला. पण गावानं गावचा कारभार करायची चटक या मातीला लागली होती. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं इंग्रजांचं राज्य गावाबाहेर ठेवून कारभार केला. न्यायदान गावात, हुंड्या-मानपानाशिवाय साधी 'गांधी लग्नं' गावात, दारूबंदी गावात. आजच्या सांगलीचा बराचसा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. नानांच्या कन्या हौसाताई पाटील त्या लढ्यात उतरल्या होत्या. २०२१ मध्ये त्या गेल्या, तेव्हा वाटलं, त्या पिढीचा एक दिवा विझला.

कायद्यात पुढं, बैठकीत मागं

आता आजचं बघू. महाराष्ट्रानं १९९० मध्येच स्थानिक संस्थांत बायकांना ३० टक्के जागा राखून ठेवल्या. १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि देशभर एक तृतीयांश जागा आल्या. २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. सदस्यांच्याही निम्म्या, सरपंचपदंही निम्मी. फ्रान्समध्ये बघा, २०२० च्या निवडणुकीनंतर पाच मेरांत जेमतेम एक बाई होती. हजारापेक्षा कमी वस्तीच्या गावांत उमेदवारांच्या यादीत एक बाई-एक पुरुष असं आलटून-पालटून नाव हवं, हा कायदा तिथं २०२५ मध्ये झाला आणि तो २०२६ च्या निवडणुकीपासून लागू होणारा. म्हणजे कागदावर आपण तिथल्या बायकांपेक्षा पुढं आहोत!

कागदावर. पुढचं मी सांगायला नको. खुर्चीवर ताईंच्या नावाची पाटी आणि खुर्चीत दादा. फोन ताईंच्या नावावर, उचलणार दादा. "सरपंचबाई कुठायत?" विचारलं की "चुलीपुढं" असं उत्तर येतं. सगळीकडंच असं आहे असं मी म्हणणार नाही. सासू-नवऱ्याला बाजूला सारून तडफेनं काम करणाऱ्या सरपंच बायकाही मी बघितल्यात. पहिल्या वर्षी पदर सावरत कोपऱ्यात बसलेली बाई तिसऱ्या वर्षी बी.डी.ओ. साहेबांना "पाण्याच्या टाकीचं इस्टिमेट दाखवा" म्हणताना मी ऐकलंय.

पण मला आज सरपंचाबद्दल बोलायचंच नाही. सरपंच होतील गावात एक. आपण बाकीच्या हजार जणी काय करतो? मत टाकलं, शाई लावली, घरी आलो, संपलं. पाच वर्षं कारभार 'त्यांचा'. खरी गंमत अशी आहे की कायद्यानं पंचायतीहून मोठी आहे ग्रामसभा. आणि ग्रामसभा म्हणजे कोण? तुम्ही, मी, गावातला प्रत्येक मतदार. तिथं आरक्षण लागत नाही, तिकीट लागत नाही, निवडून यावं लागत नाही. लागतं फक्त उठून जाणं.

दोन गावं, दोन ठराव

जाऊन काय होतं, असं तुम्ही म्हणाल. आमच्या जवळचीच दोन उदाहरणं सांगते.

शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. इथून लांब नाही. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की आमच्या गावात नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. विधवा म्हणून तिला कुठल्या कार्यक्रमात मागं ठेवायचं नाही. ठराव झाला आणि पंधरा दिवसांच्या आत सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एका खेड्याच्या ग्रामसभेचा ठराव मंत्रालयानं उचलला! आता ठरावानं एका दिवसात रूढी जात नाही, हे मलाही कळतं. प्रेताजवळ बसलेल्या बाईपुढं म्हाताऱ्या बायकाच पुढं होतात बांगड्या फोडायला. पण "पंचायतीनं ठराव केलाय" एवढं वाक्य उच्चारायला तिच्या लेकीला, सुनेला बळ मिळालं. हे बळ काही कमी नाही.

दुसरं आमच्याच जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव. कोरोनात पोरांच्या हातात मोबाइल आला आणि तो काही सुटेना. संध्याकाळी आया मालिकेपुढं, पोरं मोबाइलमध्ये. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथं स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास बायकांची बैठक झाली आणि ठरलं की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजणार. भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाइल बंद, पोरांनी अभ्यासाला बसायचं. सुरुवातीला लोक हसले. अंगणवाडी सेविका, आशाताई, पंचायतीची माणसं, निवृत्त मास्तर घरोघर फिरले तेव्हा जमलं. याला पैसा लागला तो एका भोंग्याचा! निधी, अनुदान, योजना यांची वाट बघत बसावं लागलं नाही.

ग्रामस्वच्छता अभियान आठवतं ना? २००० मध्ये आर. आर. आबांनी ते सुरू केलं तेव्हा ते ग्रामविकास मंत्री होते, आणि मूळचे आपल्याच तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. त्या वेळी हातात झाडू घेऊन पहाटे पहिल्या बाहेर पडल्या त्या बायकाच. गटारी काढायला बायका चालतात, शौचालयासाठी दारोदार फिरायला बायका चालतात. मग गटारीचा ठराव करायला का नकोत?

परत त्या गावात

आता त्या सहीच्या वहीकडं येते. त्या दिवशी घरी आल्यावर मला झोप लागेना. पुढच्या महिन्याच्या बैठकीत मी विषय काढला. म्हटलं, "बायकांनो, गेल्या वेळी तुम्ही सही केली, त्या सभेत काय ठरलं माहिताय?" कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही पंचायतीत जाऊन इतिवृत्ताची वही बघायला मागितली. तिथं आधी जरा चुळबूळ झाली. "ताई, कशाला उगाच..." म्हणून झालं. पण दाखवली. 'महिलांच्या विविध अडचणींवर सविस्तर चर्चा करण्यात आली व सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.' बस्स. अडचण कुठली, मंजुरी कशाला, देव जाणे!

आमच्या गटात एक बाई आहे. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. घर नवऱ्यानं बांधलेलं, त्याच्या विटा हिनं डोक्यावरून वाहिलेल्या. पण पंचायतीच्या दप्तरात घराच्या उताऱ्यावर हिचं नाव नव्हतंच. नवरा गेल्यावर दिरानं आपलं नाव लावायची खटपट सुरू केली आणि ही वारसाची कागदपत्रं गोळा करत हेलपाटे घालत राहिली. वहीची ती ओळ ऐकून ती एकच वाक्य बोलली, "माजी अडचण यात कुठं हाय?"

त्या वाक्यानं काम केलं. २००३ मध्येच शासनानं परिपत्रक काढलंय की गावातल्या घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करावी. 'घर दोघांचं' म्हणतात ते हेच. नवऱ्यानं पंचायतीत अर्ज दिला की बायकोचं नाव लागतं. हे आम्ही बायकांना सांगितलं आणि ठरवलं, पुढच्या ग्रामसभेत हाच विषय मांडायचा.

पहिल्या दिवशी सभा झालीच नाही. माणसं पुरेशी आली नाहीत म्हणून तहकूब. बायका वैतागल्या, "हातातली कामं टाकून आलो, आता पुन्हा कोण येतंय?" आणि इथंच खरी मेख आहे मैत्रिणींनो! सभेला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी तेवढी माणसं लागतात. पण तहकूब झालेल्या सभेला ही अट नसते. मग त्या सभेला पारावरची दहा-बारा डोकी जमतात आणि गावचे सगळे ठराव तिथं पार पडतात. म्हणजे आपण वैतागून घरी बसतो, त्याच दिवशी गावचा निकाल लागतो!

आम्ही बायकांना हे समजावलं. तहकूब सभेला एकवीस जणी गेल्या. सतरंजी पुरुषांनी भरलेली, म्हणून सुरुवातीला दाराशी उभ्या राहिल्या. मग एक सत्तरीची आजी सरळ पुढं जाऊन बसली, तशा सगळ्या बसल्या. विषय निघाला तसं मागून एक जण हसून म्हणाला, "आता घरपण बायकांचंच करा!"

आजी वळून म्हणाली, "घर सारवताना कुनी इचारत न्हाई, कुनाचं हाय म्हनून. कागदावर यायची वेळ आली की लगीच कुनाचं?"

पार गप्प झाला. ठराव झाला, बायकांच्या देखत लिहून घेतला, वाचून दाखवला. मग सह्या झाल्या. त्या वेळी सह्या करताना बायकांच्या चेहऱ्यावर जे होतं ना, ते मला शब्दांत नाही सांगता येणार. त्या गटातल्या बाईनं माझ्या हातातलं पेन मागून घेतलं आणि सावकाश, पुरं नाव लिहिलं.

चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. वर्षभरात बायकोचं नाव लावायला अर्ज आले ते चौदा. गाव आहे साडेतीनशे घरांचं. तिचं स्वतःचं प्रकरण अजून पुरतं सुटलं नाही, वारसाचे कागद चालूच आहेत. पण दिराच्या नावाची नोंद थांबली आहे. आणि आता शिपाई वही घेऊन आला की बायका विचारतात, "सभा कुठाय?"

मग आपण काय करायचं?

फार काही नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास कान उघडे ठेवा. सात दिवस आधी नोटीस लागते. पंचायतीच्या फळ्यावर विषय लिहिलेले असतात, येता-जाता वाचा. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा व्हायला हवी, हे कायद्यातच आहे. तिथं काय ठरलं ते मोठ्या सभेत मांडायला लावा. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के बायका-मुलांसाठी खर्चायचे असतात. गेल्या वर्षी ते कशावर खर्चले, एवढा एकच प्रश्न विचारा. एकटी जाऊ नका, गटानं जा. आणि इतिवृत्त लिहून, वाचून झाल्याशिवाय सही करू नका. वही बघायला दिली नाही, तर माहितीच्या अधिकारात नक्कल मागता येते.

हे सांगताना माझ्या मनात एक खंत असते. आम्ही कुपवाडकर आता महापालिकेत. आमच्याकडं ग्रामसभा नाही. आमचा प्रश्न आम्ही नगरसेवकाला सांगायचा. आणि २०२३ मध्ये मुदत संपून महापालिकेवर प्रशासक आले, तेव्हा तर सांगायला नगरसेवकही राहिला नाही. तेव्हा कळलं, पारावरच्या त्या सतरंजीची किंमत काय असते. ज्यांच्याकडं ती सतरंजी आहे, त्यांनी ती रिकामी ठेवू नये, एवढंच सांगावंसं वाटतं.

परवा भाचीला ही सगळी हकिगत सांगितली. ती हसून म्हणाली, "मावशी, आमच्या गावात कचेरीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'मेरी'. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हिंदीतलंच वाटलं मला. मेरी, म्हणजे माझी!"

मी म्हटलं, "अगं, मग तेच बरोबर आहे की!"

या २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की लगेच घरी पळू नका. भात जरा उशिरा शिजला तरी चालेल.